डाव्या हाताच्या वाकळा

'अस्सल' हा शब्द कुणी उच्चारला की हल्ली मी विषय बदलते. आणि लाज अशी की चार वर्षांपूर्वी मीच तो कापडी फलकावर रंगवून घेतला होता: 'अस्सल हातकाम, थेट कारागिराकडून.' निवृत्त झाल्यावर सांगलीत विश्रामबागेतल्या घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणून मी कुंडलच्या एका चाचींनी शिवलेल्या वाकळा, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, विकायला लागले. मधे दलाल नाही, चाची सांगतील तो भाव, आणि प्रत्येक वाकळेला एक चिठ्ठी, तिच्यावर शिवणारीचं नाव. त्या नावाचा मला भारी अभिमान. आपलीच पाठ आपण थोपटायला फारसं काही लागत नाही.

चाचा कापूस पिंजून गाद्या भरायचे, त्यामुळे घरात सुईदोरा कायमचा. गावातल्या बाया जुनी लुगडी घेऊन चाचींकडेच यायच्या, त्यांच्या टाक्यासाठी. ज्वारीच्या दाण्याएवढा टाका, आणि ओळ या काठापासून त्या काठापर्यंत कुठं हलायची नाही. लेक सासरी निघाली की तिच्याबरोबरची वाकळ चाचींच्या हातची हवी, असा आयांचा हट्ट. सासरच्या बायका वाकळ उलटी करून बघतात ना. चाचींची वाकळ उलटी केली तरी बोट ठेवायला जागा सापडायची नाही.

साताऱ्याच्या प्रदर्शनात मात्र ती सापडली. एका बाईंनी वाकळ उलटसुलट केली, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, ही मशीनची दिसते. मी टाके दाखवले, चिठ्ठी दाखवली. ऐकतंय कोण! दिवसभरात असं म्हणणारे पाचसहा तरी भेटले. संध्याकाळी पुण्यातल्या एका दुकानवाल्या बाई आल्या. त्यांना तीस वाकळा हव्या होत्या. अट एकच, टाके जरा वाकडे हवेत. गिऱ्हाइकाला त्यात गरीब माणसाचा हात दिसला पाहिजे, असं त्या चक्क हसत हसत म्हणाल्या आणि रंगवलेल्या नखानं चाचींची एक ओळ खरवडत राहिल्या. मला त्या नखाची किळस आली. तरी मी हो म्हटलं. तीस वाकळा म्हणजे चाचींच्या सुनेला यंदा दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला जावं लागणार नाही, असं मी स्वतःला पटवलं. ते खरंही होतं, त्यामुळे पटवणं सोपं गेलं.

कुंडलला गेल्यावर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ सांगून टाकलं. चाचींना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकानं आधीची एखादी परत केली का, काही चुकलं का माझं. चुकलं नाही हेच चुकलंय, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी चहा पीत बसले. सुनेकडं एकदा बघून चाची म्हणाल्या, बघते.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. अंगणात वाकळ अंथरलेली, कडांना दगड ठेवलेले. चाची पाय पसरून बसल्या होत्या आणि सुई त्यांच्या डाव्या हातात होती. उजवा हात वाकडा चालेचना. चार ओळी घातल्या, चारही सरळ आल्या, उसवून टाकल्या. शेवटी त्यांनी हात बदलला. सून नुसती कापडं अंथरून देत होती. तिच्या हाताला वाकडं वळण लागेल म्हणून चाचींनी सुई तिच्याकडून काढून घेतली होती.

मी जवळ बसले. चाचींनी मान वर केली नाही.

"आवं ताई, ह्या हातानं मी कुणाला पानी दिलं न्हाई कवा. आन् आता लोकांच्या लेकरांना पांघरून देतीय."

त्यांनी दोरा तोडला.

"करून देते तीस. पर त्या चिठ्ठीवर माजं नाव नगं. कुणी वळकीचं बघंल तर म्हनंल, चाचीचा हात गेला."

वाकळा झाल्या. पुण्याला पोचवायला मी स्वतः गेले. नाव नाही म्हटल्यावर दुकानवाल्या बाईंचा चेहरा पडला. चिठ्ठीवर नाव नसलेला माल अस्सल कोण मानणार, म्हणाल्या. कुठलंही घाला, असंही म्हणाल्या. तीस वाकळा परत नेऊन चाचींसमोर टाकायची माझी छाती झाली नाही. दुकानाच्या कोपऱ्यात बसून मी तीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि तीसही चिठ्ठ्यांवर माझं नाव घातलं.

मी उठायच्या आत पहिली वाकळ विकली गेली. घेणाऱ्या मुलीनं ते भरकटलेले टाके मोबाइलमध्ये टिपले, चिठ्ठी वाचली, आणि दुकानवाल्या बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. मुलगी धावत आली. माझा उजवा हात तिनं दोन्ही हातांत धरला. किती खरा हात आहे हो तुमचा, म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

या हाताला साधं बटण लावता येत नाही. मी थँक्यू म्हणाले.