मंजुरीसाठी थॉमसकडे

दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या आमच्या जिन्यात दोन निवृत्त माणसं समोरासमोर राहतात. शांताराम बेहेऱ्यांचं सरकारी क्वार्टर लेकीच्या नावावर, थॉमस तांब्यांचं बायकोच्या. दोघांनी उभी नोकरी एकाच सेक्शनमध्ये काढली. शांताराम मसुदे लिहायचा, थॉमस तपासायचा. सवय इतकी की लेकीच्या बारशाचं आमंत्रणसुद्धा थॉमसच्या नजरेखालून गेलं होतं. त्यात 'कृपया' दोनदा आलं होतं, एक त्याने कापलं.

निवृत्त माणसाला पगारापेक्षा 'सर' या शब्दाची उणीव जास्त भासते. पार्कातल्या कुणीतरी शांतारामला फोनवरच्या 'जागृत कॉलनी' ग्रुपमध्ये घेतलं आणि ती भरून निघाली. आधी तिथे पाण्याच्या टँकरची वेळ यायची. मग देश कोण बुडवतंय ते यायला लागलं. शांताराम सुरुवातीला सभ्यपणे लिहायचा, 'विचार व्हावा' वगैरे. एखाददुसरा अंगठा पडायचा. एकदा रागात त्याने 'यांना हाकला' लिहिलं, तर अंगठ्यांचा खच. "बेहेरेजी, आपकी कलम में आग है." ज्याच्या लेखणीतून आयुष्यभर फक्त 'सादर' निघालं, त्या माणसाने काय करावं? दुसऱ्या दिवशी त्याने आणखी थोडी आग घातली. बघता बघता ॲडमिन झाला. नोकरीतल्या बढतीला याहून पुष्कळ वेळ लागला होता.

"बाबा, तुम्ही हल्ली बोलता की घोषणा देता?" लेक मैत्रेयी विचारायची.

"देश झोपलाय."

"झोपू द्या ना यार थोडा. मलाही झोपू द्या, सकाळी ऑफिस आहे."

गणपती जवळ आले. ग्रुपने फर्मावलं, बेहेरेजींनी अपील काढावं: दुसऱ्या धर्माच्या लोकांना यंदा मांडवात पाय ठेवू देऊ नये. शांतारामने दुपारभर बसून फर्मास मसुदा केला. आणि सवयीने, अगदी निरागसपणे, वर 'कृपया पाहावे' लिहून थॉमसला पाठवला. त्याच मांडवात दरवर्षी आरतीला पेटी वाजवणाऱ्या थॉमसला. 'दुसऱ्या धर्माचे' लिहिताना शांतारामच्या डोळ्यांपुढे कुणी बिनचेहऱ्याचे लोक होते. थॉमस त्याच्या लेखी नुसता थॉमस होता.

संध्याकाळी मसुदा परत आला. भाषा तपासलेली, खाली एकच शेरा: 'यात मी येतो का? स्पष्ट करावे.'

शांताराम अनवाणीच समोरच्या दारात.

"अरे, तू नाही रे. तू आपला."

"मग तसं घाल. 'तांबे सोडून.'"

"असं कसं घालणार?"

"अच्छा. मग बाकीच्यांचाही कुणी शेजारी असेलच की." थॉमसने चष्मा पुसला. "बस. आता मला वाचून दाखव. मोठ्याने."

शांतारामने दोन ओळी वाचल्या. तिसरीत 'घाण' हा शब्द होता. त्याने थॉमसकडे पाहिलं आणि ती ओळ काही त्याला वाचवेना.

"लिहिताना जमलं होतं," तो म्हणाला.

"लिहिताना समोर अंगठे होते."

तिथेच बसून शांतारामने ग्रुपवर टाकलं: 'अपील निघणार नाही. मसुदा माझा, चूकही माझी. मांडवात सगळे येतील. पेटी थॉमस तांबेच वाजवतील.' हे मात्र त्याने कुणाला तपासायला दिलं नाही.

लेखणीत आग दिसलेल्या गृहस्थांनीच पहिलं 'गद्दार' लिहिलं. मग बाकीच्यांनी. चहा निवायच्या आत शांताराम ग्रुपबाहेर होता.

"काढलं मला," तो म्हणाला.

"वाईट वाटतंय?"

"थोडं. सर म्हणायचे रे."

"मलाही वाटलं वाईट. तुझं वाचून."

शांताराम पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग म्हणाला, "चुकलो, थॉमस."

थॉमसने मान हलवली आणि आत बायकोला हाक मारली, "सुनयना, याचंही पान घे. आणि श्रावण पाळतो हा, बोंबील त्याच्यापासून लांब ठेव."