कवडूजींचं अपील आणि मॅनेजरसाहेबांचा विचार

जिनात काम केलेल्या माणसाच्या अंगावरची रुई आंघोळीने जाते, डोक्यात अडकलेले किस्से मात्र जात नाहीत. चार जुने लोक भेटले की एकाने एक काढायचा, दुसऱ्याने त्यावर चढवायचा, आणि चहा थंड! सेलूजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी हजेरी-क्लार्क होतो. आमचे निम्मे किस्से एकाच माणसाचे, कवडूजींचे. ते आवक-जावक क्लार्क. आलेला कागद रजिस्टरात चढवायचा, नंबर टाकायचा आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच काम. पण माणूस असा, की देवाचं पत्र आलं असतं तरी आधी त्याच्यावर नंबर टाकला असता!

*

कागद ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने वर जाणार, हा कवडूजींचा नियम. ऐन हंगामात मालकांचं, म्हणजे शेठजींचं पत्र आलं: ‘परवा गाडीने येतो, स्टेशनवर दमणी पाठवा.’ त्याच्या आधी एकवीस कागद पडलेले होते. कवडूजींनी ते बाविसावं लावलं.

शेठजी उतरले तर स्टेशनवर ना दमणी ना बैल! फुफाट्यातून चालत फॅक्टरीत आले, तेव्हा धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. मॅनेजरसाहेब कडाडले, ‘‘शेठजी का खत रोक के रखा?’’

कवडूजी म्हणाले, ‘‘रोकलं नाई साहेब. उद्या त्याचाच नंबर होता!’’

त्याच दुपारी त्यांच्या हातात डिसमिसचा कागद पडला.

*

त्या कागदाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मॅनेजरकडे अपील करता येईल, मात्र निकाल लागेपर्यंत दुसरीकडे नोकरी धरली तर अपील रद्द. घरात पाच तोंडं, मोठी मुलगी लग्नाची. मी स्वतः अपील लिहून दिलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. शेवटी मीच साहेबांना विचारलं.

‘‘अपील? बिना आवक नंबर का कागज मेरे पास आता ही नहीं.’’

‘‘पण साहेब, नंबर टाकणारे कवडूजीच. त्यांना तर काढलं.’’

‘‘तो नया आदमी रखो.’’

‘‘अपिलाचा निकाल लागल्याशिवाय नवा माणूस ठेवायचा नाही, असं तुम्हीच म्हणालात.’’

साहेबांनी छताकडे पाहिलं. ‘‘सही बात है,’’ म्हणाले, आणि पेपर उघडला!

शेवटी नंबर मीच टाकला आणि कागद टेबलावर नेऊन ठेवला. त्यावर साहेबांनी लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिला, ‘विचाराधीन’. बाकीची डाक मात्र बिननंबरी म्हणून एका पोत्यात जाऊ लागली.

*

कवडूजींना घरी बसवेना. सकाळी भोंगा झाला की टोपी-कोट घालून फॅक्टरीच्या फाटकासमोर हजर! कडुनिंबाखाली दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. तिथली जमीन घासून गुळगुळीत झाली होती.

त्यांची बायको मला एकदा बाजारात भेटली. म्हणाली, ‘‘भाऊजी, यायले कसंबी करून कामावर घ्या ना! काल पोट्टे जेवाले बसले, तं हे म्हनते कसे, जो पयले आला त्याले पयले भाकर. लहानी आजारातून उठली, ते मांगून आली, तं बसली ना बिचारी वाट पाहत!’’

मी हसलो. ती हसली नाही.

*

कवडूजींच्या मुलीला पाहायला कारंज्याहून पाहुणे आले, मीही बैठकीला होतो. पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलाच्या बापाने सहज विचारलं, ‘‘तुमची नोकरी जिनातच ना?’’

मी कवडूजींना डोळ्याने खुणावलं, ‘हो’ म्हणा. पण या माणसाला खोटं बोलता आलं असतं तर काय पाहिजे होतं!

‘‘सुटली म्हनता येत नाई, हाय म्हनता येत नाई. विचाराधीन हाय.’’

पाहुण्याने पोह्याची बशी खाली ठेवली, पटका सारखा केला आणि उठता उठता म्हणाला, ‘‘मंग आमचा होकारबी विचाराधीनच समजा!’’

हा किस्सा मी फॅक्टरीत रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. सांगून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली.

*

छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. तोवर अपिलाला वर्ष होत आलं होतं. मी पुन्हा साहेबांपुढे उभा राहिलो.

साहेब आनंदले. खरंच, चेहरा उजळला त्यांचा! ‘‘अरे, ये अपील तो मध्यप्रदेश में किया था ना? अब हम बम्बई राज्य में हैं. उनसे कहो, नई अर्जी दें.’’

मी फाटकाबाहेर जाऊन कवडूजींना सांगितलं. ते चालता चालता थांबले. ‘‘मी तं याच झाडाखाली होतो राजेहो. मी कुठी गेलतो?’’

*

मग एक दिवस सरकारी फॅक्टरी-इन्स्पेक्टर आले. त्यांनी इंजिनाभोवती कठडा बसवण्याबद्दल पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर हवं होतं. पत्र पोत्यात! साहेब घामाघूम. ‘‘कवडू को बुलाओ!’’

कवडूजी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. ‘‘मी बाहेरचा मानूस साहेब. दफ्तराले हात लावनं नियमात बसत नाई.’’

इन्स्पेक्टर शेजारच्या खोलीत चहा पीत होते. साहेबांनी तिथल्या तिथे कामावर घेतल्याचा हुकूम लिहिला. सव्वा वर्षाचा विचार पाच मिनिटांत संपला!

कवडूजी खुर्चीवर बसले, पोतं ओतलं आणि पहिल्या पत्रापासून नंबर टाकायला लागले. इन्स्पेक्टरांचं पत्र सापडेपर्यंत त्यांचे सहा चहा झाले.

*

कारंज्याचा होकार त्याच आठवड्यात आला. लग्नाला पंधरा दिवस राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट.

सोनाबाई मडावी जिनावर कापूस टाकायची. जंगलाकडच्या गोंड वस्तीतली, एकटी कमावणारी. आई वारली म्हणून न विचारता चार दिवस गावी गेली, तर साहेबांनी तिला डिसमिस केलं. तिने कोणाकडून तरी अपील लिहून घेतलं, अंगठा लावला आणि कवडूजींच्या टेबलाशी आली.

‘‘किती दिवस लागतीन बाबूजी?’’

कवडूजींनी खिडकीतून फाटकासमोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. टेबलावर दहा-बारा कागद पडलेले होते. ते तसेच ठेवून उठले, तिचा कागद घेतला, साहेबांच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली!

आम्ही सगळे दाराशी. सोनाबाई भिंतीला टेकून उभी.

‘‘ये क्या बदतमीजी है? रख दो, विचार करेंगे.’’

‘‘करा साहेब. मी बसतो.’’

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घरी मुलीच्या हळदीची तयारी चाललेली, आणि हा माणूस आत!

‘‘कवडू, फिर से डिसमिस होना है क्या?’’

आतून कागद उलगडल्याचा आवाज आला. मग कवडूजींचा, अगदी रोजचा आवाज:

‘‘माही अपील लिहून कवाचीच खिशात हाय साहेब. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली.’’