एकच हॉल, वेगळ्या वेळा

डॉ. निर्मला सबनीस यांचं फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी पहाटे, कॉव्हेंट्रीतल्या राहत्या घरी, झोपेत निधन झालं. त्या माझ्या आईच्या थोरल्या बहीण. सकाळी पडदे उघडले नाहीत म्हणून शेजारणीनं तिच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं आणि मला बर्मिंगहॅमला फोन केला. मी ट्रेननं पोचेपर्यंत तिथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज सुरू झाले होते. त्यांत डॉ. कुमुद राजाध्यक्ष यांचं नाव नव्हतं. ज्यांना मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट माहीत होती, ते सगळे त्याच नावाची वाट पाहत होते.

निर्मलामावशी नागपूरच्या, कुमुदमावशी पुण्याच्या. दोघी तरुणपणी, थोड्याशा अंतरानं, इंग्लंडमधल्या एकाच इस्पितळात नोकरीला लागल्या. एक प्रसूती विभागात, दुसरी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात. डॉक्टरांच्या वसतिगृहात एकाच शेगडीवर दोघींनी पिठलं शिजवलं. तुमच्या नागपुरात आवाज कमी करायचं बटण नसतं का, असं कुमुदमावशी विचारायच्या. तुमच्या पुण्यात आवाज काढायला आधी परवानगी लागते, असं उत्तर यायचं. निर्मलामावशींनी शिकाऊ डॉक्टर असताना नागपुरात, कुठल्या तरी सुईणीच्या हातून गर्भ पाडून घेतलेल्या, ताप अंगात भिनलेल्या बायका दाखल करून घेतल्या होत्या. त्यांतल्या काहींना वाचवता आलं नव्हतं. इंग्लंडमध्ये हेच काम स्वच्छ खोलीत, कायद्यानं होतं, याचं त्यांना शेवटपर्यंत अप्रूप होतं. इथे गर्भपातासाठी दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. एकदा दुसरा डॉक्टर जागेवर नव्हता तेव्हा त्यांनी कुमुदमावशींना सही मागितली. त्यांनी नाही म्हटलं. नाकारण्याची मुभा कायद्यातच आहे. निर्मलामावशी बरं म्हणाल्या आणि दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर शोधायला गेल्या. त्यावरून दोघींत कधीही शब्दाला शब्द लागला नाही. उलट, ज्या दिवशी गर्भपाताची प्रकरणं असायची त्या दिवशी ड्युटी संपताना कुमुदमावशी कँटीनमध्ये चहाचे दोन कप घेऊन बसलेल्या असायच्या. त्या काही विचारायच्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत हे असंच चाललं.

मागच्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात गर्भपाताच्या कायद्यातल्या एका बदलावर मतदान झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रीनं स्वतःचा गर्भ कितव्याही महिन्यात पाडला तरी तिच्यावर खटला भरू नये, असा तो बदल होता. डॉक्टरांवरची मुदतीची मर्यादा तशीच राहणार होती. बदलाला मोठं बहुमत मिळालं आणि त्यानंतर वाद थंड होण्याऐवजी घराघरांत शिरला. मंडळाचा सचिव प्रसाद देव हा आयटीतला, बेसिंगस्टोकहून इकडे बदलून आलेला, उत्साही मुलगा. महिन्याच्या व्याख्यानाला त्यानं हाच विषय घेतला. दोन्ही बाजूंचे वक्ते आपल्यातच आहेत, बाहेरचं कोणी कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. दोघींनीही हो म्हटलं. त्या हॉलवर एकाच गाडीतून आल्या, हे पाहणारे पुष्कळ आहेत.

आधी निर्मलामावशी बोलल्या. बाळ गमावलेल्या एका बाईच्या पलंगाशी, ती अजून ग्लानीत असताना, पोलीस येऊन उभा राहिला होता, हा त्यांचा स्वतःचा अनुभव त्यांनी सांगितला. त्या बाईला आधी डॉक्टर दिसायला हवा होता की पोलीस, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मग कुमुदमावशींनी आपला पंजा उघडून दाखवला. आपण वाचवलेली मुलं एवढी होती, त्यांतलं एक आता बस चालवतं, असं त्या म्हणाल्या. कायदा नुसता शिक्षा करायला नसतो, इथे थांब असं सांगायलाही असतो. ती रेघ पुसली तर त्या पंजातल्या जिवाच्या बाजूनं कोण उभं राहणार? टाळ्या दोघींना सारख्याच मिळाल्या. प्रश्नोत्तरांत आवाज चढत गेले. कोणीतरी विचारलं, इतकी वर्षं मैत्री टिकली कशी? कुमुदमावशींनी माईक घेतला.

"निर्मलच्या प्रत्येक तसल्या दिवसानंतर मी तिला चहा पाजलाय. मला वाटायचं, तिला त्रास होत असणार."

निर्मलामावशींनी माईकची वाट पाहिली नाही. त्यांना त्याची गरजही नसायची.

"त्रास व्हायचा नाही. म्हणून तर तो चहा इतका गोड लागायचा."

हॉल हसला. मागच्या रांगेतली मुलं तर टाळ्या वाजवत हसली. कुमुदमावशींनी पर्स उचलली, प्रसादला टॅक्सी बोलवायला सांगितली आणि त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

कोणीतरी ते फोनवर टिपलं होतं. दोन वाक्यांचा तुकडा इंग्रजी सबटायटल्ससह ग्रुपच्या बाहेर गेला. बदलाच्या विरोधातल्यांनी तो डॉक्टर किती निर्दय असतात याचा पुरावा म्हणून फिरवला. बदलाच्या बाजूनं असलेल्यांनी तोच तुकडा निर्भीड बाईचा म्हणून फिरवला. दोन्हीकडच्यांना मी आवडले, असं निर्मलामावशी म्हणाल्या, एकांना राक्षसीण म्हणून आणि दुसऱ्यांना वाघीण म्हणून.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. त्या ओट्याशी मेथी निवडत होत्या. मी तो विषय काढला नव्हता.

"व्हायचा," त्या म्हणाल्या.

"काय व्हायचा?"

"त्रास. सगळ्यांच्या वेळी नाही. काहींच्या वेळी... खूप."

"मग हॉलमध्ये तसं का नाही म्हणालीस?"

"म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी त्याचाच बोर्ड करून फिरवला असता. बघा, डॉक्टरलाच पस्तावा होतोय. त्रास वेगळा, पस्तावा वेगळा. एवढ्या माणसांत ते समजावता येत नाही." त्यांनी काड्या बाजूला केल्या. "कुमुदला कळलं असतं. तिला तर ते आधीच माहीत होतं, आणि मी तिलाच खोटं पाडलं."

फोन कर, असं मी सुचवलं. फोनवर बोलायची गोष्ट नाही, समोर बसून बोलायची आहे, असं त्यांनी सांगितलं. शिवाय मला बजावलं की मी मध्ये पडायचं नाही. निरोप पाठवून हे व्हायचं नाही. गणपतीत भेट होणारच होती.

गणपतीत भेट झाली नाही. प्रसादनं त्यांना संध्याकाळच्या आरतीला न्यायला गाडी पाठवली. राजाध्यक्षकाकू सकाळच्या आरतीला येऊन गेल्या, असं त्याच्या बायकोनं सहज सांगितलं. दिवाळीच्या फराळालाही तसंच झालं. दोन्ही वेळा मावशींनी त्याचा एकच अर्थ काढला. कुमुदला मला भेटायचं नाहीये, त्या म्हणाल्या. वेळ विचारून घेऊन मुद्दाम टाळतेय ती. तिच्या दारात जाऊन उभी राहिले तर शिष्टाचार म्हणून ती आत घेईल, चहाही देईल, आणि तो चहा मला नको आहे.

तरी संक्रांतीच्या हळदीकुंकवावर त्यांची भिस्त होती. तिळगूळ हातावर ठेवताना कोणाला तोंड फिरवता येत नाही, हा त्यांचा हिशेब. त्यांनी लाडू घरी केले आणि एक छोटा डबा वेगळा काढला. मी त्यांच्याबरोबर होते. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी कुमुद कुठे बसलीय म्हणून विचारलं. त्या दुपारीच येऊन गेल्या, असं उत्तर मिळालं. मावशींनी कोट काढला नाही. कोट घालूनच त्या खुर्चीवर बसल्या, कुंकू लावून घेतलं, वाण घेतलं. मुली त्यांच्या पाया पडत होत्या, त्या आशीर्वाद देत होत्या. थोड्या वेळानं प्रसादची बायको वाकून म्हणाली, काकू, गाडी तयार आहे. त्या उठल्या. डबा त्यांनी परत घरी आणला.

इथे अंत्यसंस्काराची वेळ मिळायला दिवस लागतात. क्रिमेटोरियमला आम्ही गेलो तेव्हा थंडी होती, गर्दी बरीच होती. कुमुदमावशी आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. सगळं आटोपल्यावर बाहेर, फुलं ठेवतात तिथे, त्यांनी प्रसादला थांबवलं. मी शेजारी होते.

"निर्मलनं तुला कधी सांगितलं होतं का, मी असताना तिला बोलावू नकोस म्हणून?"

"नाही काकू. त्या असं काही बोलल्या नव्हत्या."

"मग दर वेळी ती वेगळ्या वेळेला कशी यायची?"

"ते... कमिटीत ठरलं होतं. तुम्हा दोघींनाही ऑकवर्ड नको म्हणून. तुम्ही मोठ्या, तुम्हाला विचारणार कसं?"

"मला तू म्हणालास, सबनीसकाकू संध्याकाळी येणार आहेत."

"येणारच होत्या ना," प्रसाद म्हणाला. "आम्ही बोलावलंच होतं संध्याकाळी."

गणपतीत, दिवाळीत आणि संक्रांतीला कुमुदमावशींनीही तोच अर्थ काढला होता, हे त्या वेळी उघड झालं. कमिटीतल्या कोणाच्या मनात वाईट नव्हतं. दोघींना न्यायला-आणायला वेगवेगळ्या गाड्यांची सोय करताना त्यांनी बरीच धावपळ केली होती.

प्रसाद गेल्यावर मी कुमुदमावशींना मेथी निवडतानाचं बोलणं सांगितलं. मध्ये न पडण्याबद्दल मला बजावलेलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी कशाला चहा घेऊन बसले असते कँटीनमध्ये?"

थोडं चालून त्या पुन्हा थांबल्या.

"माझं मत बदललेलं नाही हं. तिला तोंडावर तसंच सांगितलं असतं... ती भांडली असती. भांडू दे की."

त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या गाडीत बसल्या.

सभागृहानं मंजूर केलेल्या त्या बदलावरचा वाद ग्रुपवर अजून अधूनमधून पेटतो. तो तुकडाही कोणी ना कोणी पुन्हा टाकतं. या आठवड्यात ग्रुपवर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचा मेसेज आला आहे. वेळ सगळ्यांसाठी एकच आहे, सकाळी अकरा. येणाऱ्यांनी कळवायचं आहे. कुमुद राजाध्यक्ष यांनी मेसेज वाचला आहे, असं प्रसाद सांगतो. हे लिहीपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं नाही.