सलमाचा जपानी गायक

हॉस्पिटलात किस्से गोळा करावे लागत नाहीत, चहाच्या सुट्टीत आपोआप साचतात. आमच्या जेद्दाच्या फिजिओथेरपी डिपार्टमेंटचे निम्मे किस्से मात्र अशा माणसाचे आहेत, जो तिथे नोकरीलाच नव्हता. एक जपानी पॉप गायक. आमच्या सलमाचा जीव की प्राण.

सलमा रत्नागिरीची, माझ्या हाताखाली काम करायची. एकदा डोळे सुजवून ड्यूटीवर आली. हाडांचे सर्जन देशमुख सर थबकले.

"घरी काही झालं का?"

"ग्रुप फुटला, सर."

गायकाचा पाच जणांचा बँड मोडला होता. सर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आमच्याकडे चार भावांचं हेच झालं. जमीन कुणाकडे गेली?"

* * *

एकट्याचं गाणं काही चालेना, म्हणून तो सिनेमात गेला. सलमाने जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्याचा पहिला सिनेमा लावला. मी डब्याचं झाकण काढेपर्यंत तो पडद्यावर येऊन गेलासुद्धा.

"ताई, परत लावू?"

"करतो काय तो?"

"हिरोइनला छत्री देतो."

"आणि मग?"

"मग पाऊस थांबतो."

* * *

इकडे अम्मीने स्थळ काढलं. मुलगा इथेच सौदीत, तबूकला इंजिनिअर. व्हिडिओ कॉलवर सलमाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं की तिला गाणी फार आवडतात. मुलगा खूश झाला. "मीपण गातो," म्हणाला, आणि दोन कडवी गायला.

संध्याकाळी अम्मीचा फोन. "काय ठरवलंस?"

"मुलगा चांगला आहे अम्मी. पण त्याने अ‍ॅक्टिंगच करावी."

* * *

शेवटी गायकाचं नशीब उघडलं ते टीव्हीवर. हॉस्पिटलच्या सीरियलमध्ये तो सर्जन झाला. सलमाने आग्रहाने सरांना एक एपिसोड दाखवला.

"हा ग्लोव्हज घालून केस मागे सारतो," सर वैतागले. "असं कोण करतं?"

"तुम्हाला केस असते तर तुम्हीही सारले असते, सर."

पुढचा आठवडाभर सर तिच्याशी फक्त पेशंटपुरतं बोलले.

* * *

आणि मग तो जेद्दालाच आला, कार्यक्रमासाठी. रिहर्सलला स्टेजवरून घसरला, खांदा निखळला, आणि त्याला आणलं आमच्याच हॉस्पिटलात. सरांनी मदतीला सलमाला आणि मला बोलावलं. सलमाने सेल्फी मागितली नाही, सही मागितली नाही.

इंजेक्शन दिलं, तरी सरांनी दंड धरताच तो पांढराफटक पडला. डोळे घट्ट मिटून जपानीत काहीतरी पुटपुटायला लागला. दुभाषा दाराशी उभा होता, पण तोही घाबरलेला. सलमा वाकली आणि त्याच्या कानाशी स्वच्छ जपानीत एक वाक्य बोलली. मला तिने नंतर अर्थ सांगितला: "घाबरू नका, मी आहे ना." तिची सगळी जपानी त्या सीरियलमधून आलेली.

त्याने खाडकन डोळे उघडले आणि तिच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात सरांनी खांदा बसवला.

"खलास," सर इथल्या सवयीने अरबीत म्हणाले, म्हणजे 'झालं'.

गायक जरा सावरला, आणि दुभाष्याला हळूच काहीतरी म्हणाला. दुभाषा घुटमळला.

"ते म्हणतात, आभारी आहे. पण सीरियलमध्ये हे वाक्य मी ज्याला म्हटलं होतं, तो पेशंट वाचला नव्हता."