दारातल्या चपला

तो गुन्हा आठवला की आजही माझं डोकं तापतं. मी कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. एका व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की घरातली मोलकरीण पत्नीचा सोन्याचा साज घेऊन पळाली.

पंचनाम्यासाठी बंगल्यावर गेलो. दारात सगळ्यांच्या चपला मांडलेल्या होत्या. सवयीने विचारलं, "यांतल्या तिच्या कुठल्या?"

"तिला कशाला लागत्यात?" मालक हसले. "भायेर जायचंच न्हाय की. ल्हानपणापास्नं घरातच हाय, आमच्या पोरीसारखी."

पोरीसारखी! त्यांच्या मुलीच्या चपलांना वेगळं कपाट होतं.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीहून खबर आली. चोरीची बातमी तिथल्या स्टँडजवळच्या चप्पल दुकानदाराने मोबाईलवर वाचली होती. फोनवर म्हणाला, "सायेब, एक बाई अनवाणी आली. चप्पल घेतली आन् तवापास्नं दुकानाम्होरंच फेऱ्या मारत्या. काखेत गाठोडं हाय."

महिला हवालदारांना घेऊन निघालो. गणवेश पाहून ती पळाली नाही. गाठोडं तिनेच पुढे केलं. साज जसाच्या तसा होता.

चौकशीत हवालदारबाईंनी विचारलं, "अगं, इकायचा न्हवता तर उचललास कशाला?"

"मागं नुसतीच गेलते की पळून, गावाकडं. मालक गाडी घिऊन आलं. आई-बा म्हणालं, चांगलं घर हाय, जा. आन् परत आणली." मग खालच्या आवाजात म्हणाली, "चोर झाल्याव कोण घरात घेतंय, मावशी?"

पण तिचा अंदाज चुकला. साज सापडल्याचं कळताच मालक ठाण्यात हजर झाले.

"तक्रार मागं घेतो, सायेब. पोर चुकली. द्या लावून गाडीत. घरात पावणं याचेत, सैपाक कोण करणार?"

तिने हवालदारबाईंचा हात घट्ट धरला. "सायेब, मला आत टाका! पर तिकडं नगं!"

चोरी करून कोठडी मागणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. मालकांना सांगितलं, की हा गुन्हा असा परस्पर मिटत नाही, ती सज्ञान आहे, आणि आता डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर नोंदवतोय.

"डांबून? दोन टाईम जेवाय घालत हुतो की!" ते खरोखरच दुखावले गेले होते.

दोन्ही प्रकरणं कोर्टात गेली. तिने गुन्हा कबूल केला. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिला सोडलं. मालक मात्र निर्दोष सुटले, कारण तिच्याच आई-वडिलांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. त्या निकालाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे चोरीच्या तपासाला कुठल्याही घरी गेलो, की घरच्या नोकराच्या चपला मी आधी शोधायचो. माझ्या आईनेही लोकांची धुणीभांडी केली. तिच्या त्या कष्टांवर मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. पण काम आटोपलं की आई आपल्या चपला पायात घालून घरी यायची. ही केवढी मोठी गोष्ट होती, ते मला या प्रकरणाने शिकवलं.