छातीतलं पाणी आणि वाघजाई

न्यूमोनियाचा उतरलेला ताप पुन्हा चढला, तेव्हा देवापुढे हात जोडणंही मी सोडून दिलं होतं. फुप्फुसाभोवती पाणी साठलंय, ते सुईने काढून तपासायला पाठवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साधं पाणी असेल तर औषधाने जिरेल. त्यात जंतू झाले असतील तर बरगड्यांमधून नळी घालावी लागेल. यजमान हिंजवडीच्या गर्दीत अडकले होते आणि थांबण्यासारखं नव्हतं.

मला पलंगाच्या कडेला बसवून पुढच्या टेबलावर वाकायला सांगितलं. हलायचं नाही, खोकायचं नाही. मी सारखी मागे वळून सुईकडे बघत होते. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची बायको, धरणापलीकडच्या वाडीतली, न बोलावता उठून माझ्यासमोर येऊन बसली. नर्सनेही तिला बसू दिलं.

"डोळं मिट, बाई. तुजी देवी कुटली?"

वाघजाई, मी म्हटलं.

"मग तितं जा."

आणि मी खरंच गेले. हिंजवडीजवळ माण गावात आता जिथे आम्ही भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, तिथे माझ्या लहानपणी भाताची खाचरं होती. आई पहिल्या लोंब्या ओटीत घेऊन देवळाकडे चालली होती आणि मी तिच्या मागे. बांधावरचं दव पायांना लागत होतं, आंबेमोहोराचा वास येत होता. कित्येक वर्षांत ती सकाळ मला आठवली नव्हती. "झालं," असं मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा समोरच्या आजींचा हात माझ्या हातात होता आणि तिथून परत येऊच नये असं वाटलं.

पाणी गढूळ निघालं. त्यातली साखर फार उतरली आहे, म्हणजे जंतू आहेत, असं संध्याकाळी प्रयोगशाळेतून कळलं. नळी घातली. पुढे कल्चरमध्ये नेमके कोणते जंतू ते समजलं, औषध बदललं आणि ताप हळूहळू गेला. ज्या तपासणीची मला धास्ती होती, तिनेच वाट दाखवली.

घरी निघताना मी त्या आजींच्या पाया पडले. तुम्ही हात धरलात म्हणून निभावलं, असं म्हटलं. त्या संकोचल्या.

"म्या कुटं धरला? म्या नुसता टेबलावर ठिवला व्हता. तूच घट धरलास."

आता संध्याकाळी दिवा लावते तेव्हा मी देवीकडे काही मागत नाही. तिचा हात समोर असतोच. तो धरण्याइतकी बुद्धी तिने मला त्या दिवशी दिली, एवढंच मनात येतं आणि डोळे भरून येतात.