अनाशीचं झाकण

शेगुलाबाईच्या नवऱ्याचं, हसाजीचं, वर्ष नेमकं कधी लागतं, हे अख्ख्या वेल्ह्यात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. बाकी कुणाचं त्यावाचून अडत नव्हतं. हे घर बेने इस्राएल ज्यूंचं, शनिवारी यांचा तेलघाणा बंद, म्हणून हे शनवारतेली. यांचा देव निराळा, सण निराळे, एवढं गावाला पुरे होतं. शेगुलाबाईलाही पुरलं असतं. पण रिवका, त्यांची एकुलती लेक, सासरी गेली आणि त्याच साली हसाजीनं भोरच्या बाजारातून मोशेच्या ग्रंथाचं मराठी पुस्तक आणलं. लेक गेली नि कटकट आली.

पुस्तकात देवानं सांगितलं होतं, की मिसर देशातून सुटलात तो वसंतातला महिना तुमचा पहिला. झालं! वाडवडलांपासून पाऊस सरताना वर्ष लागायचं, नव्याचा सण व्हायचा, तो हसाजीनं बंद केला. "वरीस चैतात लागतं. देवापरीस तुमी शानी का?" असं वर ऐकवायचा. त्या महिन्याची खूण पुस्तकात दिली होती हिरव्या कणसांची. वेल्ह्यात त्या दिवसांत कणीस कुठलं? भाताची खाचरं उघडी, जो तो राब भाजायच्या गडबडीत. मग हसाजीनंच तोडगा काढला. गावाचा पाडवा तोच आपला पाडवा, आणि त्यानंतरच्या पुनवेला सुटकेचा सण. काही वर्षं ते जुळलंही, आणि म्हातारा जास्तच ताठला.

या सणाला त्यांच्यात 'अनाशी ढाकायचा सण' म्हणत. अनाशी म्हणजे आंबट रस मुरत ठेवायचं मातीचं भांडं. सणाच्या आठवड्यात आंबलेलं काही तोंडाला लावायचं नाही. म्हणून पुनवेच्या सांजेला घरातल्या बाईनं अनाशीवर झाकण घालायचं, फडकं बांधायचं, की सण लागला.

सदतीस साली रिवका नवऱ्याला आणि मुलीला घेऊन मुंबईहून सणाला येणार होती. मुलगी मिलका आता बोलायला लागली होती. पोरं विचारतील, हा सण कसला, तेव्हा त्यांना सुटकेची गोष्ट सांगा, असंही त्या पुस्तकात होतं. हसाजीला आजवर विचारणारं कुणी नव्हतं. तो बैलामागून फिरता फिरता ती गोष्ट घोकायचा, नातीसाठी. ऐकून ऐकून शेगुलाबाईला ती पाठ झाली होती.

पण रिवका आली ती होळीच्या आदल्या दिवशी.

"उद्याच सण आहे बाबा. मुंबईत सिनेगॉगमध्ये सगळ्यांना सांगितलंय."

"उद्या शिमगा हाय," हसाजी म्हणाला. "आपला पाडवा यायचाय अजून."

"यंदा आपल्या नि गावाच्या पंचांगात महिन्याचा फरक पडलाय. गावाचा पाडवा उशिरा आहे."

"पाडवा काय टांगा हाय, उशिरा याया?"

"यांना रजा एवढीच मिळालीय. पुढच्या पुनवेला आम्ही इथं नसणार."

"मंग नसा. देवाचा म्हैना रजा बगून लागत न्हाई."

शेगुलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेक दारात आणि हा माणूस महिने मोजतोय! तिनं रात्रभर धुसफुस केली, सकाळी घर झाडून काढलं, तांदळाचं पीठ दळलं. हसाजी घाण्याशी पाठ करून बसून राहिला. दिवस मावळताना शेगुलाबाई उठली, अनाशीवर झाकण घातलं आणि फडकं आवळून बांधलं.

"कुणाला इचारून ढाकलीस?"

"माज्या आईनं कुणाला इचारलं हुतं?"

त्यानं घोंगडी उचलली आणि शेजारच्या चिमाजीच्या ओट्यावर जाऊन बसला. बाहेर होळी पेटली, बोंबा सुरू झाल्या. घरात मिलकानं विचारलं, "आजी, भांडं का बांधलं?" शेगुलाबाईनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तिनंच गोष्ट सांगितली.

आठवडा सरला, पाहुणे गेले. हसाजी त्यांना निरोप द्यायलाही घाण्यावरून उठला नाही.

यथावकाश पाडवा झाला, पुनव आली. "ढाक," हसाजी म्हणाला. शेगुलाबाई जागची हलली नाही. तेव्हा त्यानंच अनाशीवर झाकण ठेवलं, फडक्याला कशीबशी गाठ मारली आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसला. तिनं तांदळाची भाकरी त्याच्यापुढं ठेवली. तो खाईना, पुस्तकही उघडीना. तो कशासाठी थांबलाय ते तिला कळत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता.

"इचार की तू तरी," तो अखेर म्हणाला.

"इचारणारी येऊन गेली."

हसाजीनं पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं.

"काय सांगितलंस तिला?"

"तुमचीच गोष्ट. घाण्यावरची. समींदर दुभंगला, समदी पार झाली, सुटली."

"मंग? काय म्हणाली पोर?"

शेगुलाबाईला हे सांगायचं नव्हतं. महिनाभर तिनं ते गिळून ठेवलं होतं.

"म्हणाली, सगळे सुटले, मग आजोबा का नाही आले?"